वेत : जंगलात वेल, कायद्यात झाड

अंदमान-निकोबारच्या जाड वेताला कॅलामस अंदमानिकस हे शास्त्रीय नाव 1874 मध्ये मिळालं. पानाच्या टोकाला चाबकासारखा लांब शेपटा, त्यावर उलटे आकडे. ते शेजारच्या झाडात अडकवत तो उजेडाकडे चढत जातो. खोडाला स्वतःचं ओझं पेलवत नाही.

आपल्याकडे अंदमान आणि वेत हे शब्द एकत्र आले की फटकेच आठवतात. 1894 च्या तुरुंग कायद्यात छडी हलक्या वेताची, किमान अर्धा इंच जाडीची, असं लिहून ठेवलं होतं; फटके जास्तीत जास्त 30. त्याच बेटांवर निकोबारी लोक वेताच्या बंधांनी, खिळ्याशिवाय घरं बांधत आले होते.

खरा गुंता 1927 च्या वन कायद्याचा. त्यात ‘झाड’ या शब्दात ताडवर्ग, बांबू, बुंधे, झुडपं आणि वेत एकत्र कोंबले. वेत मुळात ताडकुळातलाच, म्हणजे एकाच व्याख्येत तो दोनदा आला! शब्दाचा परिणाम मात्र साधा नाही. जंगलातून आणलेलं झाड म्हणजे वनोपज, आणि वनोपजाला तोडीपासून वाहतुकीपर्यंत परवाना. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि वेत दोन्ही गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतीजन्य उत्पन्नात घातले, म्हणजे तिथे ते झाड नव्हेत. मग 2017 मध्ये अध्यादेश काढून 1927 च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा एक शब्द वगळला. ‘वेत’ तसाच राहिला. बांबूची चर्चा शेतकऱ्याच्या बांधावरून सुरू झाली होती; वेत कापून टोपल्या विणणाऱ्याची बाजू तेव्हा कुणी जोराने मांडली नाही, ही माझ्या मते त्या निर्णयातली मोठी उणीव. व्याख्या तेव्हाच नीट करता आली असती.

दरम्यान 2004 च्या त्सुनामीत निकोबारची किनाऱ्यावरची गावं वाहून गेली. पुनर्वसनात बाहेरून आणलेल्या लोखंडाची, पत्र्याची घरं उभी राहिली आणि वेताची बांधणी मागे पडली. 2022 मध्ये ग्रेट निकोबारवरच्या बंदर-विमानतळ प्रकल्पासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल वळवायला तत्त्वतः मान्यता मिळाली. तेव्हापासून वाद चालू आहे तो किती लाख झाडं तुटणार यावर. त्या झाडांना आकडे लावून चढलेला वेत त्यांच्याबरोबरच खाली येणार आहे.