लॉबिंग (अमेरिका)

एखादा कायदा, अर्थसंकल्पी तरतूद किंवा प्रशासकीय नियम अशिलाला अनुकूल व्हावा, यासाठी मोबदला घेऊन लोकप्रतिनिधी व अधिकारी यांच्याशी संपर्क साधण्याचा व्यवसाय. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीने शासनापुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिलेला असल्याने तेथील कायदा या व्यवसायावर बंदी घालत नाही. तो उघडपणे चालावा एवढा आग्रह धरतो.

लॉबिस्टचे खरे भांडवल माहिती हे असते. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्यांच्या कार्यालयांत मोजक्या सहायकांना शेतीपासून औषधांपर्यंतचे विषय हाताळावे लागतात. अमुक कलमाचा मतदारसंघातील कोणत्या उद्योगावर काय परिणाम होईल, याचे एक-दोन पानी टिपण लॉबिस्ट त्यांना देतो आणि अनेकदा दुरुस्तीचा तयार मसुदाही त्यासोबत ठेवतो. हे टिपण उपयोगी असले तरी एका बाजूचे असते, आणि दुसऱ्या बाजूला असा माणूस नेमण्याची ऐपत नसेल तर कोणीही खोटे न बोलता निर्णय एकतर्फी होतो. या व्यवसायातील सर्वांत गंभीर नैतिक प्रश्न हाच असून कायद्याला तो अद्याप सोडवता आलेला नाही.

१९९५ च्या प्रकटीकरण कायद्याने नोंदणी आणि अशील, विषय व खर्च यांची माहिती देणे बंधनकारक केले. जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने २००६ मध्ये फसवणूक, करचुकवेगिरी आणि लाच देण्याचा कट हे गुन्हे कबूल केल्यानंतर २००७ मध्ये नियम कडक झाले : अहवाल दर तिमाहीस द्यावा लागू लागला, लॉबिस्टकडून भेटवस्तू घेण्यावर निर्बंध आले आणि सिनेटरला पद सोडल्यावर दोन वर्षे काँग्रेसमध्ये लॉबिंग करण्यास मनाई झाली. बसून घेतलेले जेवण निषिद्ध, समारंभात उभ्याने खाल्लेला किरकोळ फराळ मात्र चालतो, इतक्या बारकाव्यापर्यंत हे नियम जातात. तरीही मोठी पळवाट उरली आहे. एका अशिलासाठी २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला देणाऱ्याची लॉबिस्ट म्हणून नोंद करावी लागत नाही. त्यामुळे माजी लोकप्रतिनिधी ‘सल्लागार’ म्हणवून घेत तेच वजन वापरू शकतात.

भारतात लॉबिस्टच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाशी संबंधित वॉलमार्टच्या लॉबिंगवरून २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, तो या कंपनीने अमेरिकी कायद्यानुसार तेथे दाखल केलेल्या अहवालांमुळे.