बँडचं गाणं फिल्ममध्ये घ्यायचंय? आधी बघा सही कोणाकोणाची लागते

बँडमधला एक जण ओळखीचा असतो, तो चॅटवर 'वापर रे बिनधास्त' म्हणतो आणि आपण गाणं टाइमलाइनवर टाकून मोकळे. पुढे डिस्ट्रिब्युटर कागद मागतो तेव्हा त्या मेसेजला कुणी विचारत नाही.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, त्यासाठी सिंक लायसन्स, म्हणजे गाणं चित्राला जोडायची परवानगी, ती लिहिणाऱ्यांकडून किंवा त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पब्लिशरकडून. दुसरा रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टर, तो लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे असतो, किंवा बँडने स्वतःच्या पैशांनी रेकॉर्ड केलं असेल तर बहुतेक वेळा बँडकडेच. दोन्ही लागतात! एकच आणून 'झालं काम' म्हणणारेच जास्त अडकतात. गाणं नव्याने गाऊन घेतलं तर जुना मास्टर लागत नाही, सिंक मात्र तरीही लागतंच.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो: स्प्लिट शीट, म्हणजे गाणं कुणी किती टक्के लिहिलं याची सह्यांसकट नोंद. छोट्या बँडमध्ये हे कधी कुणी केलेलंच नसतं, आणि मग कळतं की अंतरा लिहिणारा ड्रमर तीन वर्षांपूर्वी भांडून गेलाय आणि फोन उचलत नाही. त्याची सही नसेल तर ते गाणं सोडा, खरंच सांगतो. आणि गाण्यात दुसऱ्या कुणाचं सॅम्पल, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, आहे का हेही विचारा, असेल तर त्याचीही परवानगी वेगळी.

मुदतीचा घोळ तर मी स्वतः घातलाय. स्वस्तातलं फेस्टिव्हल लायसन्स घेतलं, म्हणजे फक्त फेस्टिव्हलमध्ये दाखवण्यापुरतं, एक वर्षाचं, मला वाटलं वर्ष पहिल्या शोपासून मोजायचं, कागदावर होतं सहीच्या तारखेपासून. एडिटिंगमध्येच आठ महिने गेले, हातात राहिले चार. म्हणून 'पासून' हा शब्द शोधून दोनदा वाचा. आणि फेस्टिव्हल लायसन्सवर फिल्म ऑनलाइन टाकता येत नाही, म्हणून पुढच्या वापराची रक्कम आत्ताच लिहून घ्या, याला स्टेप डील म्हणतात, नंतर फिल्म चालली की भाव वाढतो. सिंक आणि मास्टर यांपैकी एका बाजूला जेवढे द्याल तेवढेच दुसरीला, अशी अट बऱ्याचदा असते, त्यामुळे बजेट दुप्पट धरा.

'30 सेकंदांपर्यंत फुकट' असा काही नियम नाहीये, कुठून येतं हे देव जाणे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं गाणं असेल तरी लायसन्समध्ये 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' (त्यावरून नवं काही बनवायचं नाही) असेल तर ते चित्राला जोडता येत नाही.

अर्ज म्हणजे साधा ईमेल: सीनचं वर्णन, गाणं किती सेकंद, पडद्यावर वाजतंय की मागे, कुठल्या देशांत, किती काळ, एकूण बजेट. बजेट लपवू नका, कमी आहे म्हणूनच सूट मिळते. उत्तर यायला आठवडे लागतात, लेबलवाल्यांना आपली फिल्म म्हणजे कुठल्या कोपऱ्यातली, त्यामुळे एडिट लॉक व्हायच्या आधीच पाठवा आणि पर्यायी गाणं तयार ठेवा.

सह्या झाल्या की क्यू शीट, म्हणजे फिल्ममधल्या संगीताची यादी भरा, त्यात गाण्याचं नाव, लिहिणारे, टक्केवारी आणि सेकंद. इथे परत ते टक्के लागतात, म्हणजे परत तो ड्रमर.