शटर बंद होतं, पण उघडत नाही

चोपडा तालुक्यात माझ्या मामांची केळी भरायची शेड आहे. अंगणाच्या या बाजूला घर, त्या बाजूला शेड, मधे पंधरा-वीस पावलं. शेडला मोटारचं शटर आहे आणि गेल्या वर्षी त्या मोटारीला वायफायचा एक छोटा डबा जोडला. भिंतीवरचं बटण दाबल्यावर मोटारीला जो इशारा जातो, तोच हा डबा मोबाइलवरून देतो. मजूर पहाटे येतात तेव्हा मामा मळ्यात असतात. तिथूनच शटर उघडून देता यावं, एवढ्यासाठी हा खर्च केला होता. महिन्याभरात त्यांचा फोन आला. “सांजले बंद व्हस, पन सकायले उघडत नही.”

तोवर पासवर्ड दोनदा बदलून झाला होता, ॲप काढून पुन्हा टाकून झालं होतं, आणि डबाच खराब आहे असं ठरवून तो परत पाठवायची तयारी चालली होती. मला मात्र तक्रारीच्या शब्दांतच उत्तर दिसत होतं. डबा बिघडला असता तर तो सकाळी अडला तसा संध्याकाळीही अडला असता. दोन वेळांत फरक एकच. संध्याकाळी शटर उघडं असतं, घरातल्या राउटरच्या लहरी सरळ आत जातात. सकाळी घर आणि डबा यांच्यामध्ये पत्रा उभा असतो.

हे पत्र्याचं कोडं रेडिओलहरींच्या जन्माइतकंच जुनं आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८च्या सुमारास रेडिओलहरींचे जे प्रयोग केले, त्यांत प्रयोगशाळेच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला होता. लहरी त्यावर आपटून परत फिरत, जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळत, आणि त्यावरून हर्ट्झ यांनी लहरीची लांबी मोजली. आपल्या शटरच्या पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून जो मुलामा देतात, तोही जस्ताचाच. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. लहर आली की ते तिच्या तालावर हलतात आणि त्यांच्या हलण्यातून उलट दिशेची लहर तयार होते. वायफायची लहर जस्तात साधारण अडीच मायक्रॉन खोल जाईपर्यंतच क्षीण होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शटरची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असली, तरी या लहरीसाठी ती कित्येक पटींनी पुरेशी आहे.

मामांच्या शेडला कमरेपर्यंत विटांचं बांधकाम, त्यावर पत्रा आणि छपरालाही पत्राच. शटर खाली आलं की ती जवळजवळ लोखंडी पेटीच होते. त्यात डबा बसवला होता शटरच्या वरच्या खोक्यात, मोटारीला आणि गुंडाळीच्या पाइपाला चिकटून. म्हणजे पेटीतली आणखी एक पेटी.

मी मोबाइलवर सिग्नल मोजायचं ॲप घेतलं आणि शिडीवर चढून डब्याशेजारी फोन धरला. शटर वर असताना आकडा होता उणे ५६, खाली आल्यावर उणे ८३. हे माप डेसिबलचं आहे आणि ते फसवं वाटतं, कारण त्यात दर १० आकड्यांमागे ताकद दहापट बदलते. २७ आकड्यांचा फरक म्हणजे ताकद सुमारे ५०० पटींनी घटली. बहुतेक उपकरणं उणे ७५ ते ८० च्या पलीकडे अडखळायला लागतात. माझ्या मते अशा तक्रारीत सगळ्यात आधी करायचं काम हेच: शटर पूर्ण खाली असताना, डब्याच्या अगदी जवळ, आकडा पाहणं. शटर उघडं ठेवून घेतलेलं माप खोटा धीर देतं.

मामांनी लगेच विचारलं, मग रिमोट कसा चालतो? प्रश्न अगदी रास्त होता. त्यांचा रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर साधारण ६९ सेंटिमीटर लांब, तर वायफायची साडेबारा. लांब लहर कडांना वळसा घालून जायला जास्त तयार असते. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. रिमोट एकच छोटा संकेत सावकाश पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत नाही. वायफायला दोन्हीकडून संवाद लागतो, तोही वेगानं. डब्याचा छोटा ट्रान्समीटर राउटरपर्यंत पोचला नाही, तर राउटर कितीही जोरदार असला तरी जोडणी टिकत नाही. म्हणून मोठ्या अँटेनाचा महागडा राउटर आणून अशा वेळी फारसं हाती लागत नाही.

पत्र्याच्या जोडीला केळी. कच्च्या केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि या वारंवारतेच्या लहरी पाणी शोषून घेतं. घरचा मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफाय २.४ वर, म्हणजे दोघे शेजारीच. (ही पाण्याची काही खास वारंवारता आहे हा समज मात्र चुकीचा, पाणी आजूबाजूच्या वारंवारताही शोषतं.) भरलेली कॅरेट डब्यासमोर छपरापर्यंत रचली, की आकडा आणखी पाच-सहानं खाली गेला. मामांच्या लक्षात आलं की माल जास्त असेल त्याच दिवशी शटर जास्त त्रास देत होतं.

आता बाकीच्या गोष्टी, ज्या पत्र्याशिवायही अडवतात. असे बहुतेक डबे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नवे राउटर २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव देतात. मोबाइल ५ वर असला की काही डबे पहिल्या जोडणीलाच अडतात. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावं दिली, की प्रश्न सुटतो. वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर अनेक डबे आत येऊच शकत नाहीत. डब्ल्यूपीए-२ ही आधीची पद्धत चालू ठेवावी लागते. आणि २.४ चा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला वारंवारतेचा तुकडा, १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

लोडशेडिंगवर मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण आपल्याकडे निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात असं मला दिसलं आहे. वीज आली की डबा काही सेकंदांत जागा होतो. राउटर आणि फायबरचा डबा यांना मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. डबा नेटवर्क शोधतो, ते सापडत नाही, आणि काही डबे थोड्या प्रयत्नांनंतर शोध सोडून देतात. माणूस समजतो की पासवर्ड गेला. खरं तर डबा बंद करून पुन्हा चालू केला तरी पुरतं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर वीज गेल्यावरही तो जागा राहतो आणि हा घोळच होत नाही.

आणखी एक भेद समजून घ्यायला हवा. अशा बऱ्याच उपकरणांत मोबाइलवरचा हुकूम अंगणातून सरळ डब्याकडे जात नाही. तो आधी दूरच्या सर्व्हरला जातो आणि तिथून राउटरमार्गे परत येतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तर वायफायच्या सगळ्या रेषा दिसत असतात, आणि शटर ढिम्म. म्हणून हाताची साखळी आणि चावी कायम जागेवर हवी.

मामांकडे आम्ही राउटरला हात लावला नाही. अंगणाखालून पाइपातून लॅनची केबल नेली (तांब्याच्या या केबलला १०० मीटरपर्यंत चालतं) आणि शेडच्या आत एक छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायनं पसरवणारं उपकरण, बसवला, विटांच्या बांधकामावर, खालच्या बाजूला. मुद्दाम खाली, कारण घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात बाहेरच पारा ४५ गाठतो तिथे छपराच्या पत्र्याखाली काय होत असेल ते शेडमध्ये उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. वायफायचा डबाही वरच्या खोक्यातून काढून मोटारीच्या वायरी लांबवून बाजूच्या भिंतीवर आणला. मोटारीच्या वायरींचं काम इलेक्ट्रिशियननं केलं, तिथे मी हात घातला नाही.

शटरच्या खालच्या बाजूला, वाटेत कोणी आलं की शटर थांबवणारा प्रकाशकिरणाचा सेन्सरही लावून घेतला. मळ्यात बसून शटर बंद करणाऱ्याला त्याखाली कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि शेडमध्ये पोरं खेळतात. खरं तर हे वायफायच्या आधीच व्हायला हवं होतं.

शटर बंद, शेड कॅरेटनं भरलेली, तरीही आकडा आता उणे ५८ आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला मामांनी मळ्यातून शटर उघडलं आणि मला फोन केला. फोनमधून मागे मजुरांचे आणि कॅरेट उतरवल्याचे आवाज येत होते.