चार टनांचा अडसर

मक्याला कणीस धरलं की कन्नडकडच्या आमच्या शिवारात निम्मं गाव रात्री माळ्यावर असतं. गौताळ्याच्या डोंगरातून रानडुकरं उतरतात, पहाटेकडं रोह्यांचा कळप येतो. डबे वाजवायचे, फटाका लावायचा, पुन्हा बसायचं. मागच्या खरिपात असंच बसलो असताना पुतण्यानं मोबाइल पुढं केला. आफ्रिकेतला कुणी शिकारी बोल्ट-ॲक्शन रायफलीनं रानरेडा पाडत होता. "काका, पाच हजार जूलच्या वर ताकद हाय बगा. आपल्या डुकराला लागली तर दहा फूट मागं उडंल."

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. पीक खाणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. मात्र दहा फूट उडायचं तर त्याआधी न्यूटनची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही.

व्हिडिओतली रायफल .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची होती; यातला आकडा म्हणजे साधारण गोळीची इंचांतली जाडी, पुढचं नाव बंदूक बनवणाऱ्या कंपनीचं. हे काडतूस १९१२चं. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती आणि रानरेड्यासाठी साधारण याच्याखालचं चालत नाही. गोळी सुमारे १९.४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास. ऊर्जा पावणेसहा हजार जूल, म्हणजे पुतण्याचा आकडा खरा. पण ढकलायचं काम ऊर्जेचं नाही, संवेगाचं. वस्तुमान गुणिले वेग, नववीतलं गणित: साधारण १५. ताशी १४० किलोमीटरनं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग सहाच्या घरात असतो. म्हणजे ही गोळी अडीच चेंडूंएवढीही नाही! ९० किलोच्या डुकरात ती रुतून बसली तरी डुकराला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १७ सेंटीमीटर. आणि गोळीबरोबर नळीतून वायूही सुटतो, त्यामुळं बंदूकवाल्याच्या खांद्याला बसणारा धक्का गोळीच्या धक्क्यापेक्षा जास्तच. डुक्कर उडणार असेल तर काका आधी माळ्यावरून खाली.

मग भारी रायफल म्हणजे नेमकं काय भारी? माझं उत्तर ऐकून पुतण्या हसला. मी म्हटलं, तिची कडी.

बोल्ट म्हणजे अडसरच. जुन्या वाड्याच्या दाराला आतून लाकडी अडसर असायचा, त्याची टोकं दोन्हीकडच्या भिंतींतल्या खाचांत बसायची. बाहेरून धडक बसली की भार भिंती घ्यायच्या. रायफलीचा बोल्ट पुढं सरकवून मूठ खाली दाबली की त्याच्या तोंडाशी असलेले दोन पोलादी दात वळून खाचांत बसतात. पॉल माउझर या जर्मन कारागिराच्या १८९८च्या रचनेत मागं तिसरा दातही आहे, पहिले दोन दगा देतील म्हणून. आजच्या बहुतेक शिकारी रायफली याच घराण्यातल्या.

या दातांवर भार किती येतो? .३७५च्या काडतुसात दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींवर जातो. काडतुसाच्या बुडाचं आतलं क्षेत्रफळ जवळपास एक चौरस सेंटीमीटर. म्हणजे बोल्टला मागं रेटणारा जोर चार टनांचा. दोन बोलेरो एकमेकींवर ठेवल्या तरी थोडा उरेल, आणि हे सगळं एक-दोन सहस्रांश सेकंदात.

आता खरी गंमत, पितळेची. बार होताना काडतुसाची पितळी भिंत फुगून पोलादी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटते, वायूला मागं यायला फट राहत नाही. पण चेंबरसुद्धा केसभर ताणलेलं असतं. दाब ओसरला की दोघंही आकसतात. यात पितळ पोलादापेक्षा जास्त आकसलं पाहिजे, तरच रिकामं काडतूस मोकळं होईल. पितळेची लवचिकता इथं कामाला येते: तेवढ्याच ताणाला ते पोलादाच्या जवळपास दुप्पट लांबतं आणि ताण सुटल्यावर तेवढंच परत फिरतं. मात्र दाब प्रमाणाबाहेर गेला, तर पितळ कायमचं फुगून बसतं आणि परतणारं पोलाद त्याला आवळून धरतं. स्वयंपाकघरात पेल्यात पेला अडकतो ना, तसंच. आई बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते आणि आतल्यात थंड पाणी ओतते. रानरेडा अंगावर येत असताना तेवढी सवड नसते. म्हणून बोल्टची मूठ उचलताना आतली तिरपी खाच आधी काडतुसाला किंचित मागं रेटते, बरणीचं आटेदार झाकण फिरवताच सुटतं तशी.

आमच्याकडं वैशाखात पारा ४२-४३ला जातो. उन्हात तापलेली दारू जास्त वेगानं जळते, दाब चढतो, काडतूस अडकायचा धोका वाढतो. जुन्या कॉर्डाइट दारूत हे फारच. म्हणून १९११च्या .४१६ रिग्बीचं काडतूस भलंमोठं केलं: ऐसपैस जागेत दाब .३७५च्या तीन चतुर्थांशच, तरी २६ ग्रॅमच्या गोळीला सात हजार जूल. कागदावर कमी दाबाचं, पण उन्हातान्हात न अडकणारं. मला विचाराल तर निवड इथं होते, जूलच्या आकड्यावर नाही.

आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा बार श्रावणात उडत नसे. गाव म्हणायचं, अमक्यानं बंदूक बांधली, मंत्र टाकला. मंत्र कसला, काळी दारू पावसाळी हवेत ओल धरते. पितळेचं बंद काडतूस आलं आणि बंदुका बांधणारे मांत्रिक बेकार झाले.

राहता राहिलं जनावर पडतं कसं. गोळी कुठं पोचते, यावर. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्यानं मारलेल्या हजारभर हत्तींपैकी बरेच .२७५सारख्या 'किरकोळ' रायफलीनं मारले. ऊर्जा तीन हजार जूलच्या आत. पण गोळी लांबट, न पसरणारी, आणि हत्तीच्या कवटीचा त्याचा अभ्यास पक्का. शिकारी जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७मध्ये बक्षीस मिळाली ती रायफलही .२७५चीच.

"मग आपल्याला तीच बरी," पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, चुकलेली गोळी तीन किलोमीटरांच्या पुढंही जाते, आणि आपलं शिवार पडलंय सपाट. त्यानं समोर पाहिलं. नाल्यापलीकडच्या तुरीत शेजाऱ्याच्या माळ्यावरची बॅटरी लुकलुकत होती.