परग्रहावरच्या जंगलात उपाशी योद्धा

परग्रहावरच्या साहसकथेत यान कोसळतं, एकटा योद्धा वाचतो आणि तलवार उपसून सहा पायांच्या श्वापदावर धावून जातो. मला या कथा मनापासून आवडतात. पण त्याचा खरा घात श्वापद करणार नाही. ते मारून, त्याचं मांस भाजून तो खायला बसेल, तिथे खरं संकट सुरू होईल.

आधी लढाईचं बघू. समजा, तिथलं गुरुत्व मंगळाइतकं, म्हणजे पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. त्याच ताकदीत तो अडीचपट उंच उडेल. तलवार हलकी वाटेल, पण तिचं वस्तुमान तेवढंच राहील. फिरवायला आणि थांबवायला पूर्वीइतकाच जोर लागेल. पायांची जमिनीवरची पकड मात्र वजनाबरोबर घटलेली. एक जोरकस आडवा वार, की पाय सटकून तोच गरकन फिरणार. अपोलो १६ मोहिमेत १९७२ साली चार्ली ड्यूक चंद्रावर उंच उडी मारायला गेले आणि पाठीवरच्या, श्वासासाठी ऑक्सिजन पुरवणाऱ्या संचामुळे तोल जाऊन उताणे पडले. संच फुटला असता तर वाचणं कठीण होतं.

हवेचं तर बोलायलाच नको. जीवसृष्टी आहे म्हणजे ऑक्सिजन असेलच असं नाही. आपल्याच पृथ्वीच्या हवेत तो साठू लागला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. जीवाणू त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. तरी तिथे श्वास घेता येतो असं धरू.

आता ते मांस. लुई पाश्चर यांनी १८४८ साली सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दोन ढीग केले. रासायनिक घटक तेच, पण एका ढिगातले स्फटिक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांचंही असंच आहे. त्यांची डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात, आणि पृथ्वीवरचे सजीव प्रथिनं बांधताना डावीच वापरतात. आपली पाचक विकरंही डाव्यांसाठीच घडलेली. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसं उजव्या रूपाचं प्रथिन त्यांच्या खाचेत बसत नाही. म्हणजे उजव्या घडणीच्या ग्रहावर योद्ध्याचं पोट भरेल, पण शरीर खंगत जाईल.

तिथली जीवसृष्टीही डावीच निघाली तर? शक्यता आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्लं सापडली, आणि त्यांतल्या काहींचं डावं रूप थोडं जास्त होतं. पण आपली प्रथिनं मुख्यतः वीसच प्रकारांवर उभी आहेत. परक्या प्राण्याने उरलेल्यांतली कुठली निवडली असतील, त्यातलं काय पचेल आणि काय विषारी ठरेल, हे घास घेण्याआधी कळायला मार्ग नाही.

घडण उलटी असेल, तर श्वापदालाही योद्ध्याच्या मांसातून पोषण मिळणार नाही. ते त्याला ठाऊक नसल्यामुळे चावा मात्र बसेलच.

मला या सगळ्यात आशेची एकच जागा दिसते. पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधे क्षार यांना डावं-उजवं नसतं, ते विश्वात सगळीकडे सारखेच. आणि पृथ्वीवरच्या वनस्पतींना प्रकाश मिळाला की नेमक्या याच साहित्यातून त्या डावी अमिनो आम्लं घडवतात. पीक हाती यायला महिने लागतील. पण सूक्ष्म शैवाल चांगला प्रकाश मिळाला तर दिवसभरात दुप्पट होऊ शकतं. म्हणून मोडलेल्या यानातून काही एकच वाचवता येणार असेल, तर त्याने तलवार सोडावी आणि शैवालाची कुपी उचलावी.