गिरणीच्या वाटेवरून लांबच्या वाटेवर: सोलापूरच्या सायकलप्रवासाची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी पहाटे विजापूर रोडला, पुणे नाक्याला किंवा तुळजापूरच्या बाजूला हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसू लागले आहेत. कोणी अक्कलकोटला जाऊन दुपारच्या आत परततात, कोणी दोन दिवस काढून नळदुर्ग आणि तुळजापूर करून येतात, आणि आषाढीच्या आधी पंढरपूरची वाट धरणारेही असतात. हे सारे पुण्या-मुंबईकडून आलेले नवे वेड आहे, असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. सायकलींचे रूप बदलले, किमती बदलल्या, टायरचे माप बदलले. पण सायकलवरून लांबचा पल्ला गाठण्याची सवय आणि त्या सवयीला लागणारी वाटेवरची सोय या जिल्ह्यात फार आधीपासून होती. नव्याने सायकल घेणाऱ्या नोकरदाराने किंवा विद्यार्थ्याने कोणती सायकल घ्यावी, सोबत काय बांधावे आणि कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेला निघावे, या प्रश्नांची उत्तरेही दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा त्या जुन्या इतिहासात अधिक नेमकी सापडतात, असे माझे मत आहे.

सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा युरोपात छातीइतक्या उंचीचे पुढचे चाक आणि मागे एक चिमुकले चाक अशी सायकल प्रचलित होती. तिच्यावरून तोंडघशी पडण्याचा धोका कायमचा. तरीही १८७८ मध्ये इंग्लंडमधील हॅरोगेट येथे सायकलवरून प्रवास करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि १८८३ पासून ती ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सभासदांसाठी मुक्कामाची ठिकाणे ठरवणे, रस्त्यांची माहिती गोळा करणे, धोक्याच्या उतारांवर सूचनाफलक लावणे, अशी कामे ती संस्था करीत असे. थॉमस स्टीव्हन्स याने अशाच उंच चाकाच्या सायकलवरून १८८४ ते १८८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तिच्या ओघात उत्तर हिंदुस्थानातून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत मजल मारली. मात्र सायकल खऱ्या अर्थाने सर्वांची झाली ती दोन शोधांमुळे: १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने जवळपास सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आज चौकातल्या दुकानात टांगलेली कोणतीही सायकल पाहिली, तरी तिचा मूळ सांगाडा याच दशकातला आहे.

लांबच्या प्रवासाला गिअर हवेत, हा विचार फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही यांनी हिरिरीने मांडला. सेंट एतिएन गावी राहणारे आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ स्वतः डोंगराळ वाटांवर सायकल चालवून गिअरचे प्रयोग करीत. स्पर्धा भरवणाऱ्यांचा मात्र गिअरला दीर्घकाळ विरोध होता आणि टूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडले. म्हणजे शर्यतवाल्यांच्या कितीतरी आधी प्रवाशांनी गिअरचे महत्त्व ओळखले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि केवळ मोठेपणासाठी पायडल मारू नये, हे व्हेलोसिओंच्या नियमांपैकी तीन. त्यांतला पाण्याचा नियम सोलापूरच्या चैत्र-वैशाखात जितका लागू पडतो तितका त्यांच्या थंड डोंगरांत क्वचितच पडला असेल.

आपल्याकडील नोंद घेण्याजोगा पहिला मोठा प्रवास मुंबईच्या पारशी तरुणांचा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. ना गिअर, ना हलक्या धातूची सायकल, आणि वाटेत इराणचे वाळवंट. या मंडळींची नावे आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

सोलापुरात सायकल रुजली ती हौसेपोटी नव्हे, तर कामापोटी. रेल्वे १८६० मध्ये आली, त्यानंतर जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारे शहर तयार झाले. पुढे पूर्व भागात हातमाग आणि यंत्रमाग वाढले. पाळीला वेळेवर पोहोचायचे, सुताची पोती आणायची, चादरी-टॉवेलचे गठ्ठे व्यापाऱ्याकडे पोहोचवायचे, तर स्वतःचे वाहन हवेच. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी ती गरज भागवली. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनिपतला ॲटलस आणि आसनसोलला सेन-रॅले उभ्या राहिल्या आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरोचा कारखाना निघाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात एका काळ्या सायकलीवर सगळ्यांचे एकमत होते.

ती काळी सायकल जरा जवळून पाहण्यासारखी आहे. वजन वीस किलोच्या आसपास, मध्ये आडवी दांडी, मागे पोलादी कॅरिअर आणि दोन्ही पायांवर उभे राहणारे स्टँड, ब्रेकला तारेऐवजी लोखंडी सळया, आणि ट्यूबच्या तोंडाशी वॉलट्यूब नावाची रबराची बोटभर नळी. ही वॉलट्यूब कुजली की पंक्चर नसतानाही हवा जाते, म्हणून जाणता माणूस तिचा एखादा तुकडा खिशात ठेवी. नगरपालिकेचा सायकल कर भरून मिळालेला बिल्ला हँडलला लावावा लागे, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवीत, आणि ज्याची स्वतःची सायकल नाही तो तासाच्या भाड्याने घेई. या सायकलीने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे रस्तोरस्तीचा पंक्चरवाला. पाण्याची घमेली, कानस, सोल्यूशनची नळी आणि जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळे एवढ्या भांडवलावर त्याने मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत प्रत्येक फाट्यावर दुकान मांडले. युरोपात जी सोय क्लबने सभासदांसाठी उभी केली, ती आपल्याकडे या कारागिराने विनासभासदत्व दिली.

प्रवासाची ठिकाणे तर आधीपासूनच ठरलेली होती. सोलापूरच्या भोवती एका दिवसाच्या सायकलीच्या अंतरावर जितकी तीर्थे आहेत तितकी फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली असतील: अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या घरात, पंढरपूर सत्तरच्या थोडे पुढे. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ आजही लागते. ज्या गावाला पायी जाण्याची सवय आहे, त्याला सायकलवरून जाणे हा पराक्रम वाटत नाही. शेजारच्या खेड्यातून सायकलला पिशवी अडकवून वारीला किंवा देवीला निघालेल्या शेतकऱ्याने आपल्या प्रवासाला ‘टूरिंग’ म्हटले नसेल, पण त्याने केले ते तेच.

१९७२ मध्ये लूना ही मोपेड आली, मग स्कूटर आणि मोटारसायकली स्वस्त कर्जावर मिळू लागल्या, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सायकल शाळकरी मुलांपुरती उरली. ती परत आली ती वेगळ्या वाटेने. इटलीत १८९७ मध्ये सुरू झालेली आणि नंतर पॅरिसच्या क्लबने नियमांत बांधलेली ‘ऑडॅक्स’ पद्धत, म्हणजे शर्यत न लावता ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करणे, भारतातही रुजली. तिच्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. त्याच सुमारास गिअरच्या सायकली जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागल्या, आणि २०२०च्या टाळेबंदीनंतर देशभर सायकलींची मागणी एकदम वाढली.

इथेच जुनी व्यवस्था आणि नवे यंत्र यांचा सांधा निखळतो, आणि नवख्या माणसाची फजिती होते ती याच ठिकाणी. काळ्या सायकलीचा टायर २८ बाय दीड इंच मापाचा. तो रिममध्ये बसतो त्या वर्तुळाचा व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या हायब्रीड, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी केलेल्या, सायकलीचे माप ७००-सी. तिचा हाच व्यास ६२२ मिलिमीटर. दिसायला दोन्ही चाके जवळपास सारखी, पण टायर एकमेकांना चालत नाहीत. टेंभुर्णीच्या किंवा मंगळवेढ्याच्या दुकानात पहिल्या मापाचा माल हमखास मिळेल, दुसऱ्याचा मिळेलच असे नाही. म्हणून दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, ठिगळे आणि हातपंप सोबत असलेच पाहिजेत. सायकल घेतानाच मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली घ्यावी, म्हणजे महामार्गावरच्या कोणत्याही कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. फक्त ती थोडी थोडी भरायला सांगावी, कारण सायकलची छोटी ट्यूब त्या दाबाने क्षणात फुटते. तारेचे साधे ब्रेक वाटेत कोणीही दुरुस्त करतो, तेलावरचे डिस्क ब्रेक करीत नाही. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे असतात, तेव्हा विसाव्यासाठी थांबताना सायकल डांबरावरून मातीत उतरवायची असेल तर ती उचलून न्यावी आणि पुन्हा चढताना टायरवरून हात फिरवावा.

सामान पाठीवर घेऊ नये. उन्हात पाठीवरची सॅक तासाभरात घामाने जड होते, तर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खाली बांधलेल्या पिशव्यांमुळे सायकलही स्थिर राहते. म्हणून सायकल निवडताना सांगाड्याला कॅरिअरचे स्क्रू बसवायची भोके आहेत का, हे आधी पाहावे. खाण्याच्या बाबतीत परदेशी पाकिटांच्या मागे लागण्याची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसेंदिवस टिकते, पोटाला धरून राहते आणि मीठही पुरवते. सोबत गूळ आणि मीठ-साखरेचे पाणी असले की झाले. सोलापुरी टॉवेल घाम पुसायला, मानेवर ओला करून ठेवायला आणि मुक्कामी अंघोळीला असा तिन्ही कामांना येतो.

हंगाम आणि दिशा यांचा विचार मात्र काळजीपूर्वक करावा. पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. त्यामुळे आषाढात सोलापूरहून पंढरपूरला जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीशी राहतो. सत्तर किलोमीटरचा पल्ला जाताना शंभरासारखा वाटतो, हे गृहीत धरूनच वेळ आखावी. तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर आहे आणि बहुतेक चढ शेवटच्या घाटात एकवटलेला आहे, तेव्हा तिथवर दम राखून जावे. पहिल्याच प्रवासासाठी मी हत्तरसंग कुडल सुचवेन: भीमा आणि सीना यांचा संगम, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ मधील मराठी शिलालेख, आणि जाऊन-येऊन एका दिवसात आरामात होणारे अंतर. बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळरानावर जाणेही तितकेच सोपे.

हवेच्या दृष्टीने दिवाळी ते शिवरात्र हा सर्वांत चांगला काळ, पण नेमका तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आहे. उसाने लादलेले दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो आणि ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत पसरलेला असतो. तेव्हा या महिन्यांत उजाडल्यावर निघावे, दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा, मागचा तांबडा दिवा दिवसाही लावून ठेवावा, आणि ट्रेलरला ओलांडण्याची घाई न करता तो पुढे जाऊ द्यावा.