खुलासा: ‘आईवडील शिकलेले नाहीत, म्हणून पोरांना शिकायची हौस नाही’

कळव्यापासून दिघ्यापर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. समाजशास्त्रज्ञ रेमों बुदाँ यांनी १९७०च्या दशकातच दोन गोष्टी वेगळ्या दाखवल्या: घरच्या परिस्थितीचा गुणांवर होणारा परिणाम, आणि गुण सारखे असतानाही पुढे काय शिकायचं या निवडीवर होणारा परिणाम. या दुसऱ्याच्या मुळाशी खर्च आणि धोक्याचा हिशेब असतो, हौस नव्हे.

सारखेच गुण मिळालेल्या दोघी घ्या. पदवीधर घरातल्या मुलीचे दाखले निकालाआधीच तयार असतात. दुसरीच्या घरी आपले सरकार केंद्राच्या खेपा निकालानंतर सुरू होतात. जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हाती आलं नाही की ती राखीव गटाऐवजी खुल्या गटात जाते. पूर्ण फी ऐकून घरचे म्हणतात, ‘राहू दे, नोकरी बघ.’ वास्तविक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या पात्र मुलींना कॅपमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे त्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं!

विज्ञान शाखेत असाल तर पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका. उत्पन्नाचा दाखला मुदतीचा असतो, तो एप्रिलनंतर ताजा काढा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटीची (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलची) मंजूर रक्कमही अडकते.